गेन्पेईचा वाडगा

जपानमधल्या आमच्या कितकाता गावात सकाळी सातला रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, खातात. कुणाला नवल वाटत असेल तर वाटू दे! आमचा म्हातारा, गेन्पेई, चाळीस वर्षं सोया सॉसच्या कारखान्यात राबला. किनुयोच्या दुकानातलं रामेन खाल्ल्याशिवाय तो कधी कामावर गेला नाही; निवृत्त झाल्यावरही रोज तिथंच जायचा, आणि रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा. किनुयो एकटी बाई, पण तोंड असं की भल्याभल्यांची बोलती बंद. "गप्पा नंतर! नूडल्स फुगल्या की मला नावं ठेवाल!"

या हिवाळ्यात म्हाताऱ्याचा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. मी दटावलं, "अहो, नूडल्स खा हवं तर, पण रस्सा प्यायलात तर याद राखा!"

तीन दिवस त्यानं रस्सा वाडग्यात तसाच ठेवला. चौथ्या दिवशी किनुयोनं दुकानच उघडलं नाही. मी मागच्या दारानं आत शिरले, तर बाई विझलेल्या शेगडीपाशी बसलेली.

"बंद करतेय दुकान," ती म्हणाली. "गेल्या वर्षी ताप आला ना, तेव्हापासून मला चवच लागत नाही, हारुए. गेन्पेईचा वाडगा रिकामा दिसला की समजायचे, जमतंय. आता त्यालाही गिळवेना."

"अगं वेडे, त्याला मीच बंदी केलीय! डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. दे इकडे, मी पिऊन बघते."

तिनं शेगडी पेटवली. वाडग्यात सोया सॉस ओतला, वरून उकळता रस्सा. मी एक घोट घेतला. अरे देवा! समुद्राचं पाणी परवडलं.

एवढ्यात मला शोधत म्हातारा आला.

"काय हो, इतकं खारट तुम्हाला कळलं नाही?"

तो खाली बघत म्हणाला, "पहिल्याच दिवशी कळलं."

"मग वर्षभर प्यायलात कशाला?"

"सोडलं असतं तर हिनं दुकान बंद केलं असतं. केलंच की नाही?"

रागावू की रडू, मला कळेना. किनुयोनं तो वाडगा मोरीत रिकामा केला. "गाढवा, मरायचं होतं का तुला माझ्यापायी?" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता रडायला लागली.

मग ॲप्रनला हात पुसून तिनं नवा वाडगा मांडला. सोया सॉसची बाटली तिरकी केली आणि माझ्याकडे बघितलं.

"हारुए, पुरे झालं की सांग."

"पुरे," मी म्हटलं. तिचा हात तिथंच थांबला.