मामा, मामी आणि ततैया

गांधीलमाशीला माणसापेक्षा जास्त अक्कल असते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. झाशीत आम्ही मराठी लोकसुद्धा गांधीलमाशीला ततैयाच म्हणतो. मामा मात्र तिला ‘बिन्नू’ म्हणत. बुंदेलीत घरच्या मुलीला, बहिणीला बिन्नू म्हणतात. अंगणातल्या मोरीवर पाणी प्यायला ततैया उतरली की मामा दोन हात लांब उभे राहून तिला म्हणायचे, “बिन्नू, उतै जाओ, इतै नईं,” म्हणजे तिकडे जा, इथे नको. मी एकदा विचारलं, “मामा, घरात मराठी आणि हिच्याशी बुंदेली का?” तर म्हणाले, “जावईबापू, आपण इथे बाहेरून आलो, ती इथलीच आहे. तिनं काय म्हणून आपली भाषा शिकायची?” दूधवाला फाटकाशी ताटकळलेला असायचा. “कक्काजू, पैलें दूध लै लो, बतिया फिर लियो,” असं तो रोज म्हणायचा आणि रोज तेवढाच वेळ उभा राहायचा.

मामांची सगळी नोकरी रेल्वेच्या कारखान्यात डबे तपासण्यात गेली. डब्याखाली वाकून, हातोडीनं ठोकून, आवाजावरून दोष ओळखायची सवय हाडात मुरलेली. निवृत्तीनंतर तपासायला डबे उरले नाहीत, तेव्हा त्यांनी घर तपासायला घेतलं. फाल्गुन लागला की हातात टॉर्च आणि खांद्याला पंचा अशा थाटात ते छज्ज्याखाली, जिन्याच्या पोटात, पाण्याच्या टाकीमागे, कूलरच्या आत डोकावत फिरायचे. कूलरची खसची, म्हणजे वाळ्याची, जाळी बदलायला कोणी आलं की त्या माणसाला आधी बाहेर बसवून चहा द्यायचे, स्वतः आत बघायचे आणि मगच त्याला हात लावू द्यायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, म्हातारा हरवलेलं काहीतरी शोधतोय. एकीनं तर माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा, “मामाजी का कुछ खो गया है क्या?”

त्यांचं म्हणणं मात्र साधं होतं आणि मी ते पारखून पाहिलं आहे, कारण मी हिशेबखात्यातला माणूस, ऐकीव गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. उन्हाळा सुरू होताना बहुतेक वेळा एकटी मादी घर बांधायला निघते. जुनी खिडकी, वाळलेलं लाकूड जबड्यानं खरवडते, ते चावून त्याचा कागद करते आणि आडोशाला एका देठावर छोटीशी छत्री लटकावते. ती एकटी असते तोवर संध्याकाळी लांब काठीनं छत्री पाडली तर ती बिचारी दुसरीकडे जाते. पावसाळ्यापर्यंत तिच्या लेकी मोठ्या झाल्या की मग घर त्यांचं, तुम्ही उपरे. “तेव्हा भांडायचं नाही,” मामा सांगायचे, “जाणकार माणूस बोलवायचा आणि आपण दार लावून बसायचं.” पलीकडच्या गल्लीत एकानं भर दुपारी पेटता बोळा लावून पोळं जाळलं होतं. त्याचे सुजलेले कान बघायला मामा मुद्दाम गेले आणि परत येऊन म्हणाले, “पोळ्याची चूक नव्हती.”

म्हणून त्यांनी दरवर्षी दारं-खिडक्यांना तेलपाणी करून घेतलं, म्हणजे लाकूड खरवडता येऊ नये. झरोक्यांना बारीक जाळी ठोकली. नळाच्या गळक्या चकत्या स्वतः बदलल्या. वाळलेला कपडा झटकल्याशिवाय घडी घालायची नाही, बूट उलटा आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही, सरबताचा पेला आत बघितल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही, आणि ततैया अंगावर बसली तर पुतळा व्हायचं. हे पाहुण्यांनासुद्धा लागू होतं. माझ्या साडूंनी एकदा बूट न आपटता घातला, तर मामांनी त्यांना तो काढायला लावला. साडू म्हणाले, “मामा, यात काय असणार?” मामा म्हणाले, “काही नसणारच. पण ते तुम्हाला पाय घातल्यावर कळलं, घालण्याआधी कळायला हवं होतं.” एवढं करूनही परसातल्या लिंबावरचं एक पोळं त्यांनी ठेवलं होतं. त्या झाडावर अळी टिकत नसे. “ती तिची नोकरी करते,” म्हणायचे, “आपण तिच्या वाटेत उभं राहायचं नाही, बस.”

या साऱ्या तऱ्हेवाईकपणाच्या मुळाशी मामी होत्या. मामी झाशी जिल्ह्यातल्याच गुरसरायच्या, जुन्या मराठी घरातल्या. काही वर्षांपूर्वी दोरीवरचा टॉवेल काढताना त्यांना एक ततैया चावली. एकच. पण चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागेना. दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून निभावलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काय करायचं ते समजावलं आणि मामांना बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही. तेव्हापासून पुण्याचा मुलगा मागे लागला होता, की इथे नवव्या मजल्यावर राहायला या, इथे चिमणीसुद्धा येत नाही. मामींना झाशी सोडायची नव्हती. मामांनी मुलाला फोनवर शब्द दिला होता, “माझ्या घरात ततैया शिरणार नाही. शिरली तर मी स्वतः तुला बोलावीन.”

मामींचं झाशीतलं सगळं वैभव म्हणजे त्यांचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू. आमची मराठी घरं इथे मोजकीच, पण त्या दिवशी शेजारच्या साऱ्या बायका यायच्या. ‘मराठन भाभी की गौर’ म्हटलं की आसपास कोणाला पत्ता सांगावा लागत नसे. कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची कमळं आणि गुळाचं पन्हं. आता चैत्रात गोड पन्हं म्हणजे ततैयांना आमंत्रणच. त्यामुळे हळदीकुंकवाच्या दिवशी मामा सकाळपासून अंगणात पन्ह्याच्या झाकलेल्या पातेल्याजवळ खुर्ची टाकून बसत. प्रत्येक पेल्यावर बशी, आणि पेला देताना न चुकता, “बहनजी, पहले अंदर देख लीजिए.” नव्यानं आलेल्या बायकांना वाटायचं, मामा पन्ह्यात केशर किती घातलंय ते दाखवताहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाला मी अंगणात मामांशेजारी होतो. आत मामी गौरीजवळ पाटावर बसून एकेकीला हळदीकुंकू लावत होत्या. फळांचं ताट सरकवताना कोणाचा तरी हात गौरीच्या लाकडी मखराला लागला आणि मखरामागून एक ततैया निघाली. ती थोडी घुटमळली आणि मामींच्या मनगटावर, पन्ह्याचा थेंब सांडला होता तिथे उतरली. एका बाईनं रुमाल उचलला. मामा अंगणातून उंबऱ्यापर्यंत आले होते, तिथूनच म्हणाले, “बेटा, हाथ नीचे.” आवाज चढला नव्हता. 

मामी हलल्या नाहीत. इतकी वर्षं त्या मामांच्या नियमांना हसत आल्या होत्या. “ह्यांना बायकोपेक्षा ततैयांचं जास्त कळतं,” असं चारचौघांत म्हणायच्या. आता मनगटावर ती बसली असताना त्या समोरच्या बाईला हळू म्हणाल्या, “आप पन्ना लीजिएगा, कैरी घर की है.” ततैयानं थेंब प्यायला, पंख सारखे केले आणि उघड्या दारातून निघून गेली. मामींनी करंडा उचलला आणि पुढच्या बाईला कुंकू लावलं. ते मात्र थोडं वाकडं लागलं.

बायका गेल्यावर मामींनी मखर जरासं वळवलं. पाठीमागे रुपयाएवढी छत्री लटकत होती. फाल्गुनापासून मामांनी अख्खं घर टॉर्चनं विंचरलं होतं, पण तृतीयेला गौर बसल्यापासून मखरामागे पाहिलं नव्हतं. त्यांच्या आईनं सांगून ठेवलं होतं की गौरीच्या मखराला पुरुषाचा हात लागू द्यायचा नाही, आणि त्यांनी तो जन्मभर लागू दिला नव्हता. बायका आरास पुढून करायच्या, आणि येण्याजाण्यासाठी अंगणाचं जाळीचं दार दिवसभर उघडं राहायचं. बाकी ततैयाला काय हवं असतं.

“आता काढा ना ती,” मामी म्हणाल्या.

“मखराला हात लावावा लागेल.”

“मग लावा. गौर काही म्हणायची नाही. माहेरी आलेली पोर ती, तिच्यामागे आणखी एक राहायला आली, एवढंच.”

मामांनी हातपाय धुतले, गौरीला नमस्कार केला. मामींनी गौर पाटावर काढून घेतली, आणि मामांनी मखर दोन्ही हातांनी उचलून अंगणात आणलं. दिवेलागणीला ततैया परत येऊन छत्रीवर बसली होती. त्यांनी लांब काठीनं छत्री पाडली. ती दोनदा मखराभोवती फिरली आणि भिंतीपलीकडे गेली. या वेळी मामा तिच्याशी काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाला फोन लावला आणि “ये, आम्हाला घेऊन जा,” एवढंच म्हणाले. मी समजावायला गेलो, की मामा, इतक्या वर्षांत एकदाच, आणि तेसुद्धा काही झालं नाही. हिशेब मांडला तर तुमचीच बाजू भक्कम आहे. ते म्हणाले, “जावईबापू, डबा शंभर वेळा नीट गेला म्हणून मी तो न तपासता कधी सोडला नाही.” मामींकडे वळलो तर त्या ओट्यापाशी डबे पुसत होत्या. “मला ततैयाची भीती नाही रे,” म्हणाल्या. “पण इथे राहिले तर ह्यांना आता झोप लागायची नाही. त्या मनगटावर माझी नजर नव्हती, ह्यांचं तोंड मी बघत होते.” बोलता बोलता त्यांनी एक डबा दोनदा पुसला.

अक्षय्यतृतीयेला गौरीची बोळवण झाली आणि आठवड्याभरात ते गेले. घर भाड्यानं दिलं आहे. भाडेकरूंनी झरोक्याची जाळी काढून तिथे पंखा बसवला.

यंदा फाल्गुनात मामांचा फोन आला. मामी बऱ्या आहेत, खालच्या मजल्यावरच्या बायकांना जमवून भजन करतात. मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे आल्या का?” मी सांगितलं, छज्ज्याखाली एक आली होती, ती पाडली, परसातल्या भिंतीला एक आहे, ती वाटेत नाही म्हणून राहू दिली.  फोनमध्ये त्यांच्या मागून लिफ्टची घंटा ऐकू आली.

“इथे काही येतच नाही हो,” ते म्हणाले. “खिडकी उघडी टाकून बघितली.”

मग म्हणाले, “परसातलीचं घर केवढं झालंय, जरा बघता का?” मी फोन हातात घेऊनच मागे गेलो. ती छत्रीवर पाठमोरी बसून काठ वाढवत होती. मी लांबूनच खण मोजले आणि सांगितलं, नऊ झालेत, दहावा चालू आहे.

“अरे वा,” मामा म्हणाले. “यंदा लवकर लागली कामाला.”