पुढच्या सीटवरची सुमित्रा

टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडमध्ये सुमित्राइतकी गरीब बाई शोधून सापडायची नाही. गरीब म्हणजे स्वभावाने. एका डेंटिस्टच्या फ्रंट डेस्कवर ती कित्येक वर्षं काम करतेय आणि तिथे भल्याभल्यांना सरळ करते. अपॉइंटमेंट चुकवलीत तर महिनाभर दुसरी मिळणार नाही, असं ठणकावून सांगते. पण घरात पाऊल टाकलं की बाईंचा आवाज दोन पट्ट्या खाली. नवऱ्याला हाक मारायची तर आधी एक छोटा श्वास, मग ‘अहो’, मग त्यांचं लक्ष आहे का ते बघायचं, आणि मग काय ते बोलायचं. ती मूळची वाईची. लग्न होऊन गेली त्या घरात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, आणि टेक्सासला येऊन पंचवीस-तीस वर्षं झाली तरी ती पद्धत काही सुटली नाही. मी तिची खूप चेष्टा करायची. ती नुसती हसायची. मी नागपूरची. माझ्या केदारला मी लग्नाआधीपासून अरे-तुरे करते आणि तो अजून ठणठणीत आहे.

सुमित्राचे मिस्टर राजीव, म्हणजे माझे मानलेले भाऊजी, एका तेल कंपनीत पाइपलाइनचे इंजिनियर होते. उंचनिंच माणूस, आणि माउंटन बाइकिंगचं प्रचंड वेड. दर वर्षी मार्चमध्ये आमच्या मराठी मंडळातला सायकलवाल्यांचा ग्रुप बिग बेंड रँच स्टेट पार्कला जातो. दिवसभराचा ड्राइव्ह आहे, पण आम्ही जातोच. भाऊजी कायम सगळ्यात पुढे. दगड कुठे निसटते आहेत, कोरड्या ओढ्यात कुठून उतरायचं, सगळं त्यांना पाठ. सुमित्रा यायची, पण कॅम्पवर थांबून आमच्यासाठी पोहे करायची. तिला सायकल येते, हे मलासुद्धा बऱ्याच उशिरा कळलं. भावाच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून शिकली होती म्हणे.

मग भाऊजींच्या डोळ्यांचं सुरू झालं. पडद्याचा आजार. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, आणि आता नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. गाडी सुटली, नोकरी सुटली, सायकल गॅरेजमध्ये भिंतीला टांगली गेली. भाऊजी खिडक्यांचे ब्लाइंड्स बंद करून दिवसभर रिक्लायनर खुर्चीवर. आज वार कोणता हेसुद्धा विचारायचे बंद झाले. एक दिवस सुमित्रा माझ्याकडे आली आणि किचनमध्ये उभ्या उभ्या रडली. म्हणाली, डोळे जायचे तर जातील गं, पण माणूस आत्ताच चाललाय.

मला असलं ऐकवत नाही. मला कोणाचं रडणं दिसलं की आधी राग येतो आणि मग काहीतरी उद्योग सुचतो. मी इंटरनेटवर शोधून ऑस्टिनमधून एक सेकंडहँड टँडम मिळवली. दोन सीटांची, दोन जोड पेडलांची लांबलचक माउंटन बाइक. पुढचा माणूस हँडल आणि ब्रेक सांभाळतो, मागच्याने नुसतं पेडल मारायचं. डोळे एकाचे असले तरी चालतात. सुमित्राला सांगितलं, तू पुढे बसायचं. ती म्हणाली, मी? आणि ते मागे? जणू काही मी तिला त्यांच्या खांद्यावर पाय ठेवायला सांगितला होता.

भाऊजी तर ऐकायलाच तयार नव्हते. त्यांची मुलगी रुही दूरच्या बॉथेल गावाहून रोज रात्री व्हिडिओ कॉल करून इंग्लिशमधून त्यांना समजवायची. शेवटी तिच्यासाठी तयार झाले, पण अट घातली. एकदाच बिग बेंडला जायचं. जमलं तर जमलं. नाही जमलं तर ही सायकल विकायची, आणि पुन्हा या घरात सायकलचा विषय काढायचा नाही. सुमित्राने मान डोलावली. मी मात्र घाबरले, कारण हा माणूस शब्दाचा पक्का. तो विषय बंद झाला असता तर त्याच्याबरोबर बाकीचंही बरंच बंद झालं असतं.

हिवाळाभर ती दोघं कालव्याकाठच्या रस्त्यांवर प्रॅक्टिस करत होती. आमच्याकडची जमीन परातीसारखी सपाट, रस्ते गुळगुळीत. सुमित्रा म्हणायची, अहो, आता डावीकडे वळतेय हं, आणि मग सावकाश वळायची. सगळं छान चाललं होतं. मीही येडी, छान चाललंय म्हणून खूश.

पार्कमध्ये पहिल्याच सकाळी आम्ही चौघं निघालो. एक गाडी आधीच पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवली होती, म्हणजे एकदा निघालं की पार करूनच संपायचं. मला हा मुलूख फार आवडतो. लांबवर करड्या-पिवळ्या टेकड्या, मधे खुरटी झुडपं, जमिनीतून सरळ वर आलेल्या काटेरी छड्या आणि प्रत्येक छडीच्या टोकाला लालभडक फुलांचा झुपका. एका बाजूला खाली नदी, नदीपलीकडे मेक्सिको. सावली औषधालाही नाही. केदार पुढे, मग टँडम, आणि त्यांच्यामागे मी.

पहिला ओढा आला तेव्हाच घोळ झाला. टँडमवर मागच्या माणसाला पुढचं काही दिसत नाही, त्यामुळे खड्डा यायच्या आधी पुढच्याने ओरडून सांगावं लागतं. मागच्याने पेडल थांबवून सीटवरून उठायचं, नाहीतर तो उडतो आणि सायकलही उडवतो. मला मागून स्वच्छ ऐकू आलं. सुमित्राने श्वास घेतला. म्हणाली, “अहो...” थोडी थांबली. तेवढ्यात पुढचं चाक खाली गेलं, भाऊजी सीटवर तसेच बसलेले, आणि दोघंही आडवी. तिला फक्त खरचटलं. भाऊजी मात्र निवडुंगाच्या बुडख्यावर पडले. उजव्या हाताच्या तळव्यात काटेच काटे, कोपरातून रक्त.

केदार चिमट्याने काटे काढत होता तेव्हा भाऊजी हात पुढे धरून बसले होते. शेवटचा काटा निघाल्यावर सुमित्राकडे तोंड करून इतकंच म्हणाले, “बस झालं. परत गेल्यावर विकून टाक.” रागावून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी शांतपणे म्हणाले. सुमित्रा दगडावर बसून राहिली.

आणि मग माझं डोकं फिरलं. मी तिला तिथेच सुनावलं. म्हटलं, बाई, तुझा अहो संपेपर्यंत खड्डा येऊन गेलेला असतो. खड्डा काय तुझ्या मानपानासाठी थांबून राहणारेय का? नावाने हाक मार. एका शब्दात सांग. ऊठ म्हण, थांब म्हण, काय हवं ते म्हण, पण खड्ड्याच्या आधी म्हण. ती म्हणाली, माझ्याच्याने नाही होणार, जिभेला वळणच नाही. मी म्हटलं, हळदीकुंकवाला उखाण्यात घेतेस ना नाव? पाहिजे तर इथेही उखाणा घे, पण तो यमकाला पोचेपर्यंत आपण मेक्सिकोत असू. केदारने मला गप्प बसायची खूण केली. मी बसले नाही. भाऊजींनाही सोडलं नाही. म्हटलं, इतकी वर्षं तुम्हाला ते अहो गोड लागलं, एकदा तरी म्हणालात का, की नावाने हाक मारलीस तरी चालेल? ते जमिनीकडे बघत राहिले. मला वाटलं, घातला मी दोघांच्या संसारात पाय.

पण जायचं तर होतंच. मागे फिरायचं तरी तेवढंच अंतर, आणि त्या दगडांतून भाऊजींना हाताला धरून चालवणं म्हणजे संध्याकाळ झाली असती. पाणीही बेताचंच. सुमित्रा उठली, टँडम उभी केली आणि पुढे बसली. भाऊजी चाचपडत मागे बसले. हरलेल्या माणसासारखे पाय पेडलवर ठेवले.

पहिले दोन खड्डे ती तोंडच उघडेना. मला मागून तिची पाठ दिसत होती, ताठ झालेली. ब्रेक दाबून दाबून कशीबशी उतरवली तिने सायकल. मग वाट एका कड्याच्या अंगाने खाली वळते. तिथे सगळी सुटी खडी आहे आणि वळणानंतर गुडघाभर उंचीची पायरी आहे. पूर्वी तिथे भाऊजी स्वतः थांबून आम्हाला सगळ्यांना सावध करायचे. मी ओरडणार तेवढ्यात सुमित्राच ओरडली.

“राजीव, ऊठ!”

तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. आणि भाऊजी उठले. पेडल थांबवून, गुडघे वाकवून, पूर्वी उठायचे तसे. लांबलचक सायकल पायरीवरून खाली गेली, डावीकडे जराशी डुगडुगली आणि सरळ पुढे निघाली. माझ्या हाताचा ब्रेक सुटला आणि मीच पडता पडता वाचले.

त्यानंतर बाईंचं तोंड थांबेना. राजीव, थांब. राजीव, मार पेडल. राजीव, उजवीकडे झुडूप, कोपर आत घे. चढावर तर तिने त्यांचा पार घाम काढला. जोर कुठे गेला, मी एकटीच ओढू का, असं विचारलं चक्क. मागून मला भाऊजींचे खांदे हलताना दिसले. मला वाटलं, रडतायत. हसत होते. चढ संपेपर्यंत हसत होते, आणि धापा टाकत पेडल मारत होते.

पार्किंगला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सायकल थांबली आणि सुमित्राला एकदम लाज वाटली. हेल्मेट काढून पुन्हा जुनी सुमित्रा झाली. म्हणाली, अहो, फार बोलले का मी, मनात काही ठेवू नका. भाऊजी एका हाताने सायकलची सीट धरून उभे होते, दुसऱ्या हाताला केदारने बांधलेला रुमाल.

मग म्हणाले, “सुमित्रा, डोळ्यांचं झाल्यापासून सगळे मला एकच सांगतात. बसा. पाणी आणून देतो, बसा. तुम्ही कशाला, बसा. रुही म्हणते, डॉक्टर म्हणतात, तूही म्हणतेस. आज पहिल्यांदा कोणीतरी मला ऊठ म्हणालं.”

मी गाडीचं मागचं दार उघडून उगीचच पाण्याचा कॅन शोधायला लागले, कारण मला रडू आलं होतं आणि माझ्या रडण्यावरून केदार आठवडाभर चेष्टा करतो. कॅन सापडला. मी मागे वळले तेव्हा सुमित्रा त्यांच्या हातावरचा रुमाल घट्ट करून बांधत होती आणि तिचे गाल ओले होते.

ती म्हणाली, “राजीव, उद्या पुन्हा येऊ.”

ती विचारत नव्हती. भाऊजींनी हात लांब करून हँडल चाचपलं, सायकल स्वतःकडे ओढून घेतली, आणि गाडीवर चढवायला कोणालाही हात लावू दिला नाही.