व्याह्यांचा पाव फेरा

आमच्या व्याह्यांनी जन्मात कुठलीही गोष्ट पुरी झाली असं कबूल केलेलं नाही. त्यांच्या मुलीचं आणि माझ्या मुलाचं लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली, आम्हा दोघांना सतरा वर्षांची नात आहे, तरी ते अजून जावयाकडे डोळे बारीक करून बघतात. जणू वेळेवर स्क्रू आणखी पाव फेरा आवळला असता तर हा मुलगा सरळ बसला असता. मुलगा माझा असल्यामुळे मला राग यायला हवा. पण तो थोडा ढिला आहेच.

हे गृहस्थ एका कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात होते. म्हणजे बाकीचे लोक यंत्रांनी वस्तू मोजत आणि ही यंत्रं नीट मोजतात का, ते हे बघत. निवृत्त होऊन आमच्या जवळच्या पूनम सागर सोसायटीत राहायला आले आणि उरलेलं जग तपासायला घेतलं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. बेव्हर्ली पार्कला आमच्याकडे आले की आधी दाराची कडी बघणार, मग खुर्चीचे पाय, मग माझी तब्येत. आमच्या मजल्यावरचे एक काका गेले तेव्हा व्याही माझ्याबरोबर भेटायला आले. दोन मिनिटं हात जोडून बसले आणि तिसऱ्या मिनिटाला उठून आत गेले. सगळ्यांना वाटलं, माणूस हळवा आहे. प्रत्यक्षात ते बाथरूमचं कुरकुरणारं दार दुरुस्त करत होते. निघताना काकूंनी मला बाजूला घेतलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "भाभी, ये दरवाजा इनसे बारह साल में नहीं हुआ."

माझी आणि त्यांची पहिली खरी गाठ मात्र मी रुसलेली असताना पडली. वरमाईनं लग्नात एकदा तरी रुसायचं असतं, असं माझ्या जावेनं मला सांगून ठेवलं होतं, आणि बावन्न वर्षांची असूनही मी तेव्हा इतकी बिनडोक होते की कशावरून रुसायचं हे ठरवायच्या आधीच रुसून बसले. मग घाईघाईनं कारण शोधलं: पैठणी हिरवी दिली, मला जांभळी हवी होती. हिरवी मीच सांगितली होती, ते सोडा. व्याही समजूत काढायला समोर येऊन बसले आणि समजूत काढायच्या ऐवजी माझ्या डगमगत्या खुर्चीकडे बघत राहिले. मग खाली वाकून एका पत्रिकेची घडी तिच्या पायाखाली सरकवली आणि म्हणाले, "आता बघा, विहीणबाई." खुर्ची सरळ झाल्यावर रुसवा टिकवणं फार अवघड असतं. मी जेवायला उठले.

मागच्या वर्षी नातीनं कुणाकडून तरी वापरलेली इलेक्ट्रिक गिटार आणली आणि व्याह्यांच्या जन्माचं सार्थक झालं, कारण ही वस्तू मुळात पुरी होणारीच नाही. तिच्या तारा ज्या धातूच्या पट्टीला अडकवलेल्या असतात, तो ब्रिज, लाकडाला घट्ट जोडलेला नसतो. पुढून सहा तारा त्याला ओढतात, मागून गिटारच्या पाठीतल्या खाचेत बसवलेल्या तीन स्प्रिंगा ओढतात, आणि या ओढाताणीत तो अधांतरी तरंगत राहतो. त्याला एक दांडी असते. ती दाबली की सगळे सूर एकदम हेलकावे खातात. ऐकायला गोड लागतं. पण एक तार आवळली की ब्रिज पुढे कलतो आणि बाकीच्या पाच उतरतात. त्या पाचांची समजूत घालावी, तर पहिली बिघडते. मी अकरा वर्षं एकत्र कुटुंबात काढली असल्यामुळे मला हे दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही.

उजेड चांगला म्हणून हे सगळं चालायचं आमच्या जेवणाच्या टेबलावर. खाली जुना टॉवेल, त्यावर गिटार, कधी उताणी, कधी पालथी. तारा जिथून सरकतात त्या खाचांत व्याही मुलांच्या पेन्सिलीचं शिसं घासायचे, म्हणजे तार अडकत नाही. मग पाठीमागचे दोन स्क्रू आवळून स्प्रिंगा ताणायच्या, ब्रिज सपाट झाला का ते डोळा लावून बघायचं, पुन्हा सहाही तारा लावायच्या, पुन्हा स्क्रू. समोरचे शहाभाई दारातून डोकावून विचारायचे, "अंकल, पेशंट कैसा है?" हे मान वर न करता म्हणायचे, "अभी होश में नहीं आया."

आणि खरंच येईना. नातीनं दोनदा गिटार नेली आणि दोनदा परत आणली. तिसऱ्या खेपेला ती दप्तर न उतरवताच म्हणाली, "नाना, शनिवारी कॉलेजच्या बँडचं सिलेक्शन आहे. या वेळी नाही जमलं तर मी शुक्रवारी दुकानात दुरुस्तीला देते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं."

"दे की," व्याही म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवायला गेले. खिसा त्यांना दोनदा चुकला.

ती आत गेल्यावर त्यांनी सर्वांत बारीक तार छेडली, मान डोलावली आणि पुढच्या तारेकडे वळले. भाजी निवडता निवडता मी थांबले. तार चक्क उतरलेली होती. माझा कान चांगला आहे, एवढं मी सांगू शकते. तरुणपणी मी स्वतःला गायिका समजत असे. पुढे कळलं की देवानं मला फक्त कान दिलाय, गळा दुसऱ्याच कुणाला गेलाय. तोवर पुष्कळ डोहाळजेवणं माझ्या हातून बिघडली होती. तर मी ऐकलं आणि समजले. बारीक तारेचा आवाज त्यांना येत होता, पण ती चढलीय की उतरलीय, हे आता कळत नव्हतं. फोनवर सूर दाखवणारं ॲप नातीनं त्यांना दिलं होतं, ते त्यांनी उघडलंही नव्हतं. "चाळीस वर्षं यंत्रं मी पास-नापास केली. आता यंत्र मला करणार?"

आता विहिणीनं व्याह्यांना तोंडावर "तुम्हाला ऐकू येत नाही" कसं म्हणायचं? मुलाच्या आईनं मुलीच्या बापाला काहीही म्हटलं तरी तो टोमणाच होतो. त्यांच्या पुढ्यातल्या कपाकडे बघत मी म्हटलं, "चहा जरा फिका झालाय, नाही?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा तार छेडली. "फिकाच," मी म्हटलं. त्यांनी खुंटी किंचित वर नेली. जास्त गेली. "आता फार गोड झाला." खुंटी खाली आली. असे आम्ही तासभर एका कपावर बसलो. तार लागली, ब्रिज हलला, बाकीच्या उतरल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा बारीक तार, पुन्हा माझा चहा.

शेवटी ते हळूच म्हणाले, "विहीणबाई, कप मघापासून रिकामा आहे."

मी पालेभाजीत तोंड घातलं.

"किती दिवस झाले?" मी खाली बघूनच विचारलं.

"दिवाळीपासून. लेकीला बोलू नका. ती लगेच डॉक्टर, मशीन, सगळं सुरू करेल." मग म्हणाले, "आता सरळ सांगा. वर की खाली?"

"खाली. पाव फेरासुद्धा नको, त्याच्या निम्मा."

पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना त्यांच्या भाषेत उत्तर देत होतं. त्यांनी निम्मा दिला. तार लागली. दांडी दाबून सोडली तरी जागेवर परत आली.

शनिवारी नात निवडली गेली. दुकानाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. दर पंधरा दिवसांनी गिटार टेबलावर पालथी पडते, व्याही स्क्रू फिरवतात, मी भाजी निवडत "वर", "खाली" करते, आणि नातीला वाटतं की आजीला म्हातारपणी संगीताचं वेड लागलंय. डॉक्टरचं मी अधूनमधून काढते. "बघू," म्हणतात.

रविवारी दुपारी नात आम्हा दोघांना समोर बसवून वाजवते. तिनं दांडी हलवली की व्याही तिच्याकडे बघतात, गिटारकडे बघतात. पण गाणं त्या सर्वांत बारीक तारेवर चढलं की माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागतात. तिथून ऐकतात ते. मी दुपारच्या वेळी कुठेही बसले तरी डुलक्या काढणारी बाई; तेवढा वेळ मात्र मी जागी राहते.