ब्रेकमावशीचा पाय

शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक शिकवणाऱ्याच्या. पहिला शोभेला, दुसरा कामाला. सव्वीस वर्षं या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेल्या बाईला लोक ब्रेकमावशी म्हणायला लागले, तेव्हा तिला राग आला नाही. उलट गाडीच्या टपावर जी शाळेची त्रिकोणी पाटी होती, तिच्यावर तिनं ते नाव बारीक अक्षरांत रंगवून घेतलं.

पायाची सवय अशी हाडीमासी भिनली होती की तो घरीही स्वस्थ बसत नसे. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून मुका बसलेला हा माणूस जेवताना बोलायला लागला की सुसाट सुटायचा, आणि टेबलाखाली मावशीचा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. "दाबलास ना?" तो म्हणायचा, आणि खरंच थांबायचा. संसार यावरच टिकला, असं दोघांचंही मत होतं.

शिकवताना ती कुणावर खेकसत नसे. "क्लच असा सोडायचा, झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढतो तसा." "आरशात बघ. स्वतःला नको, मागच्याला. स्वतःला बघायचा आरसा घरी आहे." असं तिचं चालायचं. पण परीक्षेत कुणी विचारत नाही असा एक धडा ती प्रत्येकाकडून घोकून घ्यायची. त्याला कारण झाला तिचा एक जुना विद्यार्थी, पाववाला. बिचारा पहाटे ओसाड रस्त्यानं चालला होता. मागून एक साधी गाडी आली, काचेआड पोलिसांसारखा दिवा लुकलुकला, कुणीतरी हात दाखवला. पाववाला जागच्या जागी थांबला, दार उघडून खाली उतरला, वर नमस्कारही केला. तोतया साहेबांनी नमस्कार घेतला आणि गाडीही घेतली. पाववाला पावांची टोपली डोक्यावर घेऊन चालत गावात आला.

त्या दिवशी मावशीनं धडा बनवला आणि त्याला नाव दिलं 'दिग्गज'.

"साध्या गाडीतून कुणी थांबायची खूण केली, तर घाबरायचं नाही, पळायचं नाही, आणि धाडकन थांबायचंही नाही. दिग्गज आठवायचं. दि म्हणजे दिवे. चारही लुकलुकते ठेवायचे, म्हणजे मागच्याला कळतं की आपण त्याला पाहिलंय. ग म्हणजे गती. ती कमी. दुसरा ग म्हणजे गर्दी. चार माणसं असतील तिथवर सावकाश जायचं, आणि वाटेत शेजारच्यानं पोलिसांच्या तातडीच्या नंबराला विचारायचं, बाबांनो, ही गाडी तुमचीच का? आणि ज म्हणजे जराशी. दारं बंद, काच जराशी खाली, दोन बोटं. आधी ओळखपत्र, मग गप्पा."

"आणि खरा पोलीस निघाला तर?" कुणीतरी विचारायचंच.

"तर सांगेल ते निमूट ऐकायचं. खरा असेल तर रागावणार नाही. आणि रागावलाच, तर गर्दीत रागावू दे."

असे कितीतरी दिग्गज मावशीनं घडवले. अडलं ते एकाच ठिकाणी. घरात.

तिची थोरली नणंद, म्हणजे वन्सं, टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. वय त्रेसष्ट. तीस वर्षं गावभराचे फोन जोडून दिले, आणि त्यांची शाळेपासूनची मैत्रीण मात्र डोंगरापलीकडे राहायची. तिकडे दिवसाला एकच बस, ती पोचल्यावर वीस मिनिटांत परत फिरायची. "म्हणजे चहा कपात ओतेपर्यंत भेट, आणि तो प्यायचा पुढच्या खेपेला," वन्सं म्हणायच्या. "मला तिच्याशी पोटभर भांडायचंय गं. सोळा वर्षांचं साठलंय. भांडण काय बसच्या वेळापत्रकात बसतं होय?" म्हणून त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेऊन दारात उभी केली, तिच्यावर चादर घातली, आणि त्या भावजयीच्या विद्यार्थिनी झाल्या.

घरी त्या थोरल्या, गाडीत मावशी मास्तरीण, असा करार ठरला. करार दोघींनी पाळला. परीक्षा मात्र वन्सं तीनदा नापास झाल्या. पहिल्यांदा वळायचा दिवा लावायच्या ऐवजी पाणी पुसायचे वायपर सुरू केले. दुसऱ्यांदा एका कुत्र्याला वाट दिली, कुत्रं तिथेच झोपलं, आणि वन्संनी त्याची झोपमोड केली नाही. तिसऱ्यांदा चढावर गाडी मागे घसरली. परीक्षेच्या साहेबांनी कागदावर लिहिलं, 'ब्रेकवर विश्वास नाही.' ते वाचून मावशी म्हणाली, "हे काय लिहिणं झालं?" वन्संनी कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

चौथी खेप सोमवारची. त्याच दिवशी शिकाऊ परवान्याची मुदत संपत होती, आणि परीक्षेच्या मैदानाचं फाटक साडेबाराला बंद व्हायचं. वन्संनी सकाळीच जाहीर केलं, "आज नाही जमलं तर गाडी विकून टाकते. चादर तेवढी ठेवीन."

सव्वाअकराला दोघी शिकवणीच्या गाडीतून निघाल्या. आधी वन्संनी चाकं बघितली, काचा पुसल्या, मग बसल्या, आरसे लावले, पट्टा ओढला. सगळं शिकवल्याबरहुकूम. मावशीला भरून आलं. नेहमीसारखा तिचा पाय तिच्या ब्रेकवर गेला.

कालव्याकाठचा रस्ता सरळ आणि मोकळा होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सिमेंटच्या नळांच्या कारखान्याची लांबच लांब भिंत. माणूस म्हणून दिसत नव्हता. भिंत अर्धी सरली आणि आरशात एक करडी गाडी आली.

"मागे कुणीतरी आहे," वन्सं म्हणाल्या.

"जाऊ दे त्याला पुढे."

"जात नाहीये. हॉर्न वाजवतोय." मग थोड्या वेळानं, "बये, त्याच्या काचेत निळा दिवा लागला!"

मावशीनं वळून पाहिलं. साधी करडी गाडी. ना पट्टा, ना अक्षर. आत स्वेटर घातलेला मिशाळ माणूस. तो एका हातानं बाजूला घ्या, बाजूला घ्या करत होता आणि मध्येच एक बोट आभाळाकडे दाखवत होता.

"वर काय दाखवतोय?" वन्संनी विचारलं.

"वर पाठवीन म्हणतोय!" मावशी किंचाळली. आणि इतकी वर्षं दिग्गज शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यातून दि, ग, ग आणि ज चौघंही एकदम उडाले. उरला फक्त पाय. तो खाली जायला लागला.

गाडीला बारीकसा आचका बसला. टपावर काहीतरी खुट्ट वाजलं.

"पाय काढ," वन्सं म्हणाल्या.

"अहो वन्सं, तो..."

"पाय काढ म्हणते ना! तूच सांगतेस, धाडकन थांबायचं नाही. दि!" आणि त्यांनी चारही दिवे लावले. वायपर नव्हे, दिवेच. "ग. ही बघ गती, तिसावर आणली. आता दुसऱ्या गचं बोल. गर्दी कुठे आहे?"

आपला पाय उचलणं ही किती अवघड गोष्ट आहे, हे मावशीला त्या दिवशी कळलं. तिनं तो दोन्ही हातांनी गुडघ्याला धरून उचलला आणि सीटवर मांडी घालून त्याच्यावर बसली.

"शाब्बास," वन्सं म्हणाल्या. "आता फोन लाव."

मावशीनं तातडीचा नंबर लावला. "हॅलो, अहो, आमच्या मागे ना, म्हणजे तो मिशा..."

"असं नाही गं सांगायचं!" वन्संची नजर रस्त्यावरून हलली नाही, पण तीस वर्षांची ऑपरेटर जागी झाली. "आधी आपण कुठे आहोत ते. मग गाडीचा रंग. मग नंबर. मिशा शेवटी."

मावशीनं तसं सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "थांबा हं ताई, विचारून सांगते. फोन ठेवू नका. चालत राहा, सावकाश."

रस्त्याकडेला एक लाकडाची वखार आली, ती बंद. मग रोपवाटिका आली. तिथे दोन माणसं कुंड्या हलवत होती.

"दोघं म्हणजे गर्दी होते का?" वन्संनी विचारलं.

"दोघं म्हणजे फार तर भांडण," मावशी म्हणाली, आणि आपण थट्टा केली हे पाहून तिचा जीव थोडा खाली आला. "पुढे पेट्रोल पंप आहे. चढ संपला की."

चढ! दोघींनी एकदम श्वास रोखला. वन्संनी गिअर बदलला, क्लच बाळाच्या मानेखालून काढला, आणि गाडी हूं की चूं न करता चढाला लागली. माथ्यावर दोन ट्रक पंपात वळत होते, म्हणून ऐन चढावर थांबावं लागलं. मावशीचा पाय मांडीखाली तडफडला. वन्संनी स्वतःच्या पायानं ब्रेक दाबला. गाडी तसूभरही मागे सरकली नाही. मागची करडी गाडीही शहाण्यासारखी अंतर ठेवून थांबली.

तेवढ्यात फोनमधली मुलगी बोलली, "ताई, गाडी आमचीच आहे. आत आमचे हवालदार आहेत, साध्या वेशात. तुम्ही पंपावर थांबताय हे त्यांना कळवलंय. बिनधास्त थांबा."

पंपावर ट्रकवाले होते, हवा भरणारा होता, चहाच्या टपरीवर सात-आठ जण होते. वन्संनी भर गर्दीत गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, दारं बंद आहेत ना पाहिलं आणि काच दोन बोटं खाली केली. अगदी मोजून, स्वतःची दोन बोटं लावून.

स्वेटरवाला उतरून आला. "अहो बाई..."

"आधी ओळखपत्र," वन्सं फटीतून म्हणाल्या.

"देतो हो, पण..."

"फोटोची बाजू इकडे करा."

त्यानं ओळखपत्र काचेला लावलं. वन्संनी वाचलं, फोटो बघितला, माणूस बघितला. "फोटोत मिशा नाहीत."

"नंतर ठेवल्या."

"नव्हत्या तेव्हा बरे दिसत होतात," असं म्हणून त्यांनी काच पूर्ण खाली केली. "बोला. काय चुकलं आमचं?"

"चुकलं काही नाही. तुमची पिशवी टपावर आहे."

दोघी खाली उतरल्या. टपावर, अगदी कडेला, वन्संची कापडी पिशवी आरामात बसली होती. काचा पुसताना त्यांनी ती वर ठेवली होती. तिच्यात पाण्याची बाटली, लिमलेटच्या गोळ्या आणि फाईल. फाईलमध्ये शिकाऊ परवाना, फोटो, परीक्षेचा कागद, सगळं.

"कारखान्यापासून बोट वर करून दाखवतोय," हवालदार म्हणाले. "मध्ये एकदा आचका बसला तुमच्या गाडीला, तेव्हा पिशवी कडेपर्यंत सरकली. म्हटलं गेली कालव्यात! पण मग काय चालवलीत हो! चढावर थांबलात, तरी पिशवी जागची हलली नाही. आणि थांबलात तेही बरोबर ठिकाणी. आमच्याच गाडीला बघून लोक एक तर पळतात नाही तर भर रस्त्यात उड्या मारून उतरतात. कुणी शिकवलं तुम्हाला?"

वन्संनी भावजयीकडे पाहिलं. तो आचका कुणाचा होता, हे दोघींनाच ठाऊक होतं. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला.

"हिनं," वन्सं म्हणाल्या. "आमची मास्तरीण आहे. दिग्गज आहे ती."

मैदानाच्या फाटकातून त्या आत शिरल्या तेव्हा बाराला पाच कमी होते. परीक्षेच्या साहेबांनी वन्संना पाहिलं आणि नकळत पट्टा दोनदा तपासला. मावशी फाटकाशी बाकावर बसली. गाडी वळली, दिवे लागले, आठाचा आकडा काढून झाला. चढावर गाडी थांबली तेव्हा मावशीनं खाली पाहिलं. पाय जमिनीवर दाबलेला! तिनं तो उचलला आणि बाकावर मांडी ठोकली. मागच्या खेपेला साहेबांनी जे लिहिलं होतं ते आता तिला वाचता आलं. विश्वास कसा बसेल? ब्रेक आजवर वन्संच्या पायाशी आलाच कुठे होता?

साहेब कागद घेऊन उतरले. "बाई, एक विचारू? या खेपेला काय वेगळं केलंत?"

"मी नाही केलं," वन्सं म्हणाल्या. "दुसऱ्या कुणीतरी नाही केलं."

साहेबांना काही कळलं नाही, पण शिक्का त्यांनी मारला. पाऊण तासात छापलेला परवाना हातात पडला. फोटोत वन्सं टेलिफोन ऑफिसातल्यासारख्या गंभीर दिसत होत्या. मावशीनं त्यांना इतकी घट्ट मिठी मारली की हातातली पिशवी खाली पडली.

"ती उचल आणि आत ठेव," वन्सं म्हणाल्या. "टपावर नको."

मावशी सवयीनं पुढचं दार उघडायला गेली.

"तिथे नाही. मागे बस."

मागच्या सीटवर मावशी जन्मात बसली नव्हती. तिथे पायाशी नुसती चटई होती. गाडी फाटकाबाहेर पडली आणि घराच्या उलट दिशेला वळली.

"वन्सं, घर तिकडे राहिलं."

"घर कुठे जात नाही. तुझ्या नवऱ्याला फोन कर, म्हणावं जेवून घे आणि बोल हवा तेवढा, आज थांबवायला कुणी नाही. आपण डोंगरापलीकडे चाललोय. सोळा वर्षांचं भांडण आहे, संध्याकाळ तरी पुरते की नाही बघू."

समोर एक कुत्रं रस्ता ओलांडायला लागलं. मावशीचा पाय चटईवर दाबला गेला. गाडी अलगद थांबली, कुत्रं निघून गेलं.

"पाय," पुढून आवाज आला.

"सॉरी," म्हणत मावशीनं दोन्ही पाय वर घेतले, सीटवर ऐसपैस मांडी घातली आणि पिशवीतली लिमलेटची गोळी तोंडात टाकून खिडकीबाहेर बघू लागली. कालव्याकाठचा हा पुढचा रस्ताही सव्वीस वर्षं तिच्या येण्याजाण्याचा होता. त्याच्या कडेला इतकी फुलं असतात, हे तिला आजच दिसत होतं.