गोजरबाईचा फोटो

तिसगावच्या बाजारपेठेत सहादेव शिंप्याचं दुकान होतं. मशीनमागच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यानं जुन्या सिनेनट्यांचे फोटो जपले होते. स्टुडिओत काढलेले, काळेपांढरे, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे. नगरचा एक रद्दीवाला ते त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. आधी सहादेव त्यांतल्या फुग्याच्या बाह्या बघायचा. पुढं बाह्या राहिल्या बाजूला आणि तो नुसता उजेडच बघत बसू लागला. गालावरून ओघळून मानेपाशी सावलीत विरणारा उजेड. हातातलं कापड तसंच राही. रस्ता, धुरळा, गिऱ्हाइकं, सगळं कुठंतरी लांब जाई.

बहात्तरच्या दुष्काळात लग्नं लांबली, शिलाई थंडावली. बायको गोजरबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. एका संध्याकाळी ती येऊन पायरीवर टेकली. पापण्यांवर खडीची पांढरी भुकटी, तोंडावर मावळतीचं आडवं ऊन. सहादेव बघतच राहिला.

"असं काय बघताय? भूत हाय का मी?"

"हलू नगंस. तशीच बस."

कामाला सुट्टी पडली तसं त्यानं तिला एस्टीनं नगरला नेलं. म्हाताऱ्या फोटोवाल्यानं मागं बागेचा पडदा सोडला. सहादेवनं तो गुंडाळायला लावला. "दिवा एकच ठेवा. डावीकडून, जरा वरनं."

"तुम्ही सिनेमाच्या कंपनीत होता का?" फोटोवाल्यानं विचारलं.

"न्हाई, शिंपी हाय."

"आन् मी बघू कुठं?" गोजरबाई म्हणाली.

"तुला वाटंल तिकडं."

तिनं मान किंचित वळवली. फोटोवाल्यानं खटका दाबला.

परतताना त्यानं हळूच विचारलं, "काय बघत हुतीस गं?"

"माहेरची हीर," ती म्हणाली. "काठोकाठ भरल्याली."

आठ दिवसांनी फोटो हाती आला. गोजरबाई तो घेऊन माहेरी गेली, सहादेवही मागोमाग. तिची आई भागिरथी फोटो उन्हात धरून म्हणाली, "कोणच्या शिनेमातली गं ही?"

"आये, मी हाय!"

म्हातारीनं एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा लेकीच्या फुटलेल्या हातांकडं. मग फोटो पदराखाली घेतला तो घेतलाच. सहादेवनं ट्रंकेसाठी मागून पाहिला. सासूनं नुसती नकाराची मान हलवली.

एरवी दिवाळीशिवाय सासुरवाडीची वाट न धरणारा सहादेव मग महिन्या-दोन महिन्यांनी तिकडं निघू लागला. कुणी विचारलं तर सांगे, सासूच्या चोळीचं माप घ्यायचं राहिलंय.