कुरकुरीविना एक दिवस

मला कुरकुर करायची सवय आहे आणि ती मी कधी लपवली नाही. रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर माझी सत्तावीस वर्षं गेली. सकाळी दहापासून लोकांचे तक्रारअर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, पोच द्यायची. कुणाच्या विहिरीत शेजाऱ्याचं सांडपाणी, कुणाच्या कलमांच्या बागेत दुसऱ्याची गुरं. दिवसभर जगाचं ऐकून घेतल्यावर माझं कोण ऐकणार? बायको. चहात साखर जास्त, पंखा कुरकुरतो, साहेब वाकड्यात बोलला, माझं पित्त, माझा गुडघा, सगळं तिच्यापुढे. ती पोळ्या लाटता लाटता "हं" म्हणायची. तिचंही काही दुखत असेल, असं माझ्या डोक्यातही यायचं नाही. आमच्या टेबलाचा नियमच आहे, अर्ज नाही म्हणजे तक्रार नाही. हाच नियम मी घरी लावत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

यंदा थंडी सरता सरता मला दहा दिवसांची रजा मिळाली. तीसुद्धा चौथ्या अर्जाला. आधी ऑडिट, मग निवडणूक, मग साहेब स्वतःच रजेवर. चार महिने मी घरी या रजेच्या नावाने शंख करत होतो. आणि मिळाल्यावर काय केलं? पहिले चार दिवस ओटीवर बसून नुसती नावं ठेवली. वीज गेली, दूधवाला उशिरा आला, रस्त्याच्या कामाची धूळ घरात येते, आणि हे असलं बसून राहण्यापेक्षा शिंचं ऑफिस बरं.

चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला रजा मिळाल्ये की शिक्षा? उद्या पुळ्याला जाऊ. देवाच्या दारात जायचं, तर दिवसभर एक अक्षर कुरकुर करायची नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं," मी म्हणालो. मला कुणी असं डिवचलं की मी हट्टाला पेटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गणपतीपुळ्याला गेलो. खिडकीची काच बसेना, पुढच्या बाकावरची पोरं मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून बसलेली. जीभ नुसती शिवशिवत होती, पण मी तोंड मिटून घेतलं. बायको माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती. दर्शन झालं. पुळ्याला अख्खा डोंगरच देव मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा घालायची ती डोंगराला. आम्ही चपला हातात घेऊन निघालो.

एरवी त्या वाटेवर मी दगड टोचतात, ऊन लागतं, लोक कचरा टाकतात, असं बडबडत चाललो असतो. त्या दिवशी गप्प होतो. आणि गप्प होतो म्हणून मला तिचा श्वास ऐकू आला.

सपाट वाटेवरसुद्धा तिला धाप लागत होती. जरा चढ आला तशी ती थांबली. म्हणाली, "समुद्र बघत्ये जरा." मीही थांबलो. खाली पाणी चमकत होतं, दोन होड्या होत्या. बरं वाटलं. वीसेक पावलांवर ती परत थांबली, परत समुद्र बघते म्हणाली. मला वाटलं, असू दे, हिलाही कुठे सुट्टी मिळते. मग वाट वळली. आम्ही डोंगराच्या मागच्या अंगाला आलो. एका बाजूला जांभ्या दगडाची दरड, दुसऱ्या बाजूला करवंदीची जाळी. तिथे ती तिसऱ्यांदा थांबली, दरडीला हात टेकला आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी समुद्र बघत्ये."

तिथून समुद्र दिसत नव्हता.

मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. ओठ पांढरे पडले होते, कपाळावर घाम होता, आणि वारा तर गार होता. मी तिचा हात धरला, तो बर्फासारखा लागला.

"काय होतंय तुला?"

"काही नाही हो. दम लागला."

"छातीत दुखतंय?"

"थोडं भरून आल्यासारखं. नेहमीचंच."

नेहमीचंच, म्हणाली ती. तो शब्द ऐकून मला जी भीती वाटली, ती उभ्या जन्मात वाटली नव्हती. मी तिला कसंबसं खाली आणलं आणि पहिली दिसली ती रिक्षा रत्नागिरीपर्यंत केली. आरे-वारेच्या किनारी रस्त्याच्या वळणांवर रिक्षावाला जपून चालवत होता आणि मला त्याच्या मानगुटीवर बसावंसं वाटत होतं. बाहेर पर्यटक फोटो काढत होते. ही मागे टेकून डोळे मिटून बसलेली. दर दोन मिनिटांनी मी तिला हाक मारायचो. ती "हं" म्हणायची, तेच पोळ्या लाटतानाचं. एकदा तिला "हं" म्हणायला उशीर झाला, तेव्हा मी रिक्षावाल्याचा खांदा इतका जोरात धरला की तो ओरडला.

दवाखान्यात तिला आत घेतलं, कार्डियोग्राम काढला. डॉक्टर बाई तरुण होत्या. पट्टी बघता बघता त्यांनी मला विचारलं, "हा त्रास कधीपासून आहे?"

मला माहीत नव्हतं.

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

माहीत नव्हतं. माझं पित्त कुठल्या महिन्यात, काय खाल्ल्यावर उसळलं, ते मी कुठल्याही डॉक्टरला घडाघडा सांगतो.

"रात्री झोपताना उशा किती घेतात?"

आम्ही एकाच खोलीत झोपतो. मग खाटेवरून तीच म्हणाली, "तीन उशांइतकं उंच लागतं. आडवं झालं की कोंडतं." आणि मला आठवलं, दिवाळीनंतर एका सकाळी मी आरडाओरडा केला होता, माझी उशी कोणी पळवली म्हणून. तिने काही न बोलता ती परत दिली होती आणि त्या दिवसापासून ती स्वतःच्या उशीखाली गोधड्या घालून झोपत होती.

"घरी सांगितलं नाहीत?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"म्हटलं, यांची रजा होऊ दे. किती दिवसांनी मिळाल्ये."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

हृदयाची नळी अडलेली दिसत्ये, इथे थांबू नका, कोल्हापूरला न्या, असं सांगून त्यांनी ॲम्ब्युलन्स मागवली. पुढे कोल्हापुरात सगळं निभावलं, हे आता सांगता येतं. पण त्या दुपारी ते कुणालाच माहीत नव्हतं. पाली मागे पडली, साखरपा गेलं, आंबा घाट सुरू झाला. मी तिच्याजवळ खाली वाकून बसलो होतो. नळीतून थेंब थेंब औषध उतरत होतं आणि प्रत्येक वळणाला ती बाटली हेलकावत होती.

"दुखतंय का?"

"नाही."

तिचं "नाही" इतकी वर्षं मी बिनदिक्कत खरं मानलं होतं. आता विश्वास बसेना. मी म्हटलं, "खरं सांग गं. काय वाटतंय ते सांग. मी काही बोलणार नाही."

ती वरच्या पत्र्याकडे बघत होती. मग माझ्याकडे मान वळवून हळूच म्हणाली, "भीती वाटत्ये हो मला."

संसारात तिने माझ्यापुढे केलेली ही पहिली तक्रार. तिचा गार हात दोन्ही हातांत धरून घाट संपेपर्यंत मी तसाच बसून होतो, तिच्याइतकाच घाबरलेला.