आज ते नेहमीसारखे आहेत का?

बुधवारी सकाळी अप्पा मागच्या दारी पडले. खुब्याचं हाड मोडलं. दुपारी त्यांना रुग्णालयात दाखल केलं आणि गुरुवारी ऑपरेशन झालं.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. नंतर भेटायला आलेल्या लोकांना ते पटत नसे, म्हणून मी आधीच सांगते. हाड नीट बसलं होतं, रक्त फारसं गेलं नव्हतं, आणि शुद्धीवर आल्यावर अप्पांनी सगळ्यात आधी आपला चष्मा मागितला होता. जे झालं ते हाडाचं नव्हतं.

घरात आम्ही दोघंच होतो. तंजावूरच्या राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर. अप्पांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, तमिळ माध्यमात. भाऊ चेन्नईला असतो. मी जुने मोडी कागद वाचून देवनागरीत उतरवण्याचं काम करते. या गावात मोडी वाचणारे थोडे आहेत आणि देवनागरी वाचणारेही आता फार नाहीत, त्यामुळे माझं काम नक्की कोणासाठी चालतं असं अप्पा अधूनमधून विचारत. हे विचारणंही तमिळमध्ये. आमच्या घरी मराठी उरलं होतं ते स्वयंपाकघरात आणि देवघरात, सुटं सुटं. अप्पांचं खरं मराठी त्यांच्या आईबरोबर होतं. आजी गेली आणि ते बोलणं बंद झालं. भांडण नव्हतं, कोणाची मनाई नव्हती. समोर बोलायला माणूस नाही असं त्यांना वाटलं असावं.

मी समोर होते.

एकदा मी त्यांना हे म्हणाले, तर ते हसले. "तुझं मराठी कागदावरचं आहे गे. त्याला फोडणीचा वास नाही." या वाक्यातला फक्त तो 'गे' मराठीत होता.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टर खाटेजवळ आली. ती तिथे पुढचं शिक्षण घेत होती आणि तिच्या विभागात एक अभ्यास चालू होता. वय झालेल्या माणसांवर असं ऑपरेशन झालं की काहींचा मेंदू थोडे दिवस गोंधळतो, असं तिनं सांगितलं. काही जण आरडाओरडा करतात, सुया ओढून काढतात. ते सगळ्यांना दिसतं. पण काही जण शांतपणे गोंधळतात, आणि ते कोणाच्याच लक्षात येत नाही. आत कुठे संसर्ग सुरू झालेला असतो, पाणी कमी पडलेलं असतं, एखादं औषध सोसलेलं नसतं, आणि त्याची पहिली खूण हा गोंधळच असतो. ताप मागून येतो. म्हणून तिच्या विभागातल्या डॉक्टर सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पेशंटला काही साधे प्रश्न विचारणार होत्या, आणि शेवटी नातेवाइकाला एक.

"तो एक प्रश्न कोणता?" मी विचारलं.

"आज ते नेहमीसारखे आहेत का, एवढाच. यंत्रापेक्षा घरच्या माणसाला आधी कळतं, अक्का."

मी लगेच संमतीपत्रावर सही केली. अप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "परीक्षा घेणार होय? मी आयुष्यभर घेतल्या, आता एक देऊन बघतो." डॉक्टर हसली; सगळे म्हातारे तिला ताता, म्हणजे आजोबा. "ताता, नापास कोणाला करत नाही आम्ही."

शुक्रवारी सकाळच्या प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली, तमिळमध्ये. वार, महिना, आपण कुठे आहोत. दुपारी मी घरी जाऊन डब्यात भात आणि सार घेऊन आले. मी झाकण उघडलं तसे अप्पा मराठीत म्हणाले, "कावेरीला पाणी आलं का गे?"

तमिळ आडी महिना, म्हणजे आषाढ-श्रावण, चालू होता. त्या दिवसांत आमच्या भागात ज्याला त्याला हाच प्रश्न असतो. धरणातून पाणी सोडलं की ते तंजावूरपर्यंत कधी पोचेल, तिरुवैयारूच्या घाटाच्या पायऱ्या कधी बुडतील, याची चर्चा दवाखान्याच्या लिफ्टमध्येसुद्धा चालली होती. प्रश्नात नवल काही नव्हतं. नवल वाटलं ते भाषेचं. पूर्ण वाक्य, आजीच्या वळणाचं.

"आलं असेल," मी म्हणाले. "अजून बघितलं नाही."

मग ते बोलतच राहिले. तिरुवैयारूचं लहानपणीचं घर, आडीच्या अठराव्या दिवशी, नदीच्या पूजेला, काठावर न्यायचा चित्रान्नाचा डबा, पुरात वाहत आलेलं केळीचं खोड, त्यावर बसून पलीकडे जायचा बेत. माझ्यासाठी हे सगळं नवं होतं. शब्द असे की मी ते फक्त कागदावर पाहिले होते. तोंडातून येताना कधी ऐकले नव्हते. मी भात कालवून हातात धरून बसले, आणि तो तसाच गार झाला. मध्येच त्यांनी मला "आक्का" म्हटलं. तिथे नर्स, आया, शेजारच्या खाटेवरचा माणूस, सगळेच मला अक्का म्हणत होते. कानावर पडून पडून त्यांच्याही तोंडात बसलं असेल, असं मी धरून चालले. बाप लेकीला आक्का म्हणत नाही हे मला माहीत होतं.

भावाला फोन केला. "अप्पा मराठी बोलतायत! दुपारभर!"

"मराठी? मला शिव्या देतात त्या तर शुद्ध तमिळमध्ये," तो म्हणाला. "तुझी चैन आहे बाई. ऐकून घे, घरी आले की पुन्हा गप्प होतील."

संध्याकाळी डॉक्टर आली. अप्पा तिच्याशीही मराठीतच बोलू लागले. तिला एक शब्द कळेना. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मधे बसले, दुभाषी म्हणून.

इथे माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मोडी कागद क्वचितच अखंड असतो. घडीवर फाटलेला, कसरीने खाल्लेला, शाई उडालेली. अशा जागी मागचं-पुढचं वाचून अक्षर भरायचं असतं. 'राजश्री' दिसलं आणि पुढे भोक असलं की तिथे काय असणार ते हाताला कळतं. फक्त भरलेलं अक्षर चौकटी कंसात घालायचं, म्हणजे वाचणाऱ्याला समजतं की हे कागदावर नव्हतं, हे माझं आहे. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे मला अर्धं वाक्य अर्धं ऐकूच येत नाही. त्यात आमच्या घरची रीत अशी की परक्यासमोर वडीलधाऱ्याचं वाक्य अडकलं तर आपण ते अलगद पुरं करायचं. माणसाचा मान राहतो.

डॉक्टरनं विचारलं, "ताता, आज कोणता वार?"

अप्पा म्हणाले, "उद्या अठरावा. नारळ काढून ठेव."

अठरावा अजून बराच लांब होता. मी तिला तमिळमध्ये म्हणाले, "ते तिथी-सणाने दिवस मोजतात. जुन्या लोकांची सवय."

"मग मला पंचांग घेऊन यायला हवं," ती म्हणाली. "बरं, वार उलटे म्हणायला सांगा. शनिवारपासून मागे."

मी सांगितलं. अप्पांनी डोळे मिटले. "शनिवार. शुक्रवार. गुरु…" थांबले. "गुरुजी येतील, पुस्तक कोठे आहे?" पुन्हा थांबले. "बुधवार."

"गुरुवार, बुधवार," मी म्हणाले. "थकलेत जरा."

"आणि नेहमीसारखे आहेत ना?"

"नेहमीपेक्षा बरे आहेत," मी म्हणाले. "किती वर्षांनी इतकं बोलले."

ती लिहिता लिहिता थांबली. "किती वर्षांनी?" तिनं अप्पांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघून हसत होते, पाहुण्याकडे बघून हसावं तसं. "अक्का, नेहमीपेक्षा वेगळे, असं लिहू का मी?"

"वेगळे नाही," मी म्हणाले. "बरे. बरे लिहा."

तिला मराठी येत नव्हतं. त्या वॉर्डात ते मला एकटीला येत होतं. तिनं माझा शब्द लिहिला.

शनिवार तसाच गेला, आवाज मात्र खाली आला. वाक्यं लहान झाली, त्यांच्यामधली जागा वाढली, आणि त्या जागा मी भरत राहिले, तिच्यासाठीही आणि माझ्यासाठीही. सुट्टीमुळे त्या संध्याकाळी तिच्या जागी दुसरे कोणी आले होते; त्यांनीही मलाच विचारलं, मी तेच सांगितलं. दिवेलागणीला अप्पा म्हणाले, "आक्का, हात सोडू नको." मी हात धरला. हात गरम होता. आडीचा वारा बंद पडला होता, सगळ्यांचेच हात गरम असतील असं वाटलं.

रविवारी सकाळी ते नीट जागे झाले नाहीत. लघवीचा संसर्ग रक्तात पसरला होता. त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं, औषधं बदलली, आणि पुढचा आठवडा पुरा होण्याआधी ते गेले. पडद्याआडून मी रोज दोन वेळा बघत असे. तिथे ते काहीच बोलले नाहीत, कोणत्याच भाषेत.

भाऊ आला, सगळं त्यानं केलं. एका दुपारी, घरात माणसं असताना, तो मला म्हणाला, "तुला कळलं नाही तर कोणाला कळणार होतं?" त्यानं ते समजूत घालायला म्हटलं की टोचायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यालाही ठरवता आलं नसेल.

त्या दिवसांत धाकट्या आत्याच्या मुलाशी बोलताना मी केळीच्या खोडाची गोष्ट सांगितली. त्याला ती ठाऊक होती. अप्पांना एक थोरली बहीण होती, तिला ते आक्का म्हणत. तिनंच त्यांना कावेरीत पोहायला शिकवलं. लग्न होऊन गेली आणि पहिल्या बाळंतपणातच वारली. अप्पा तिचं नाव काढत नसत. खोडावर बसून पलीकडे जायचा बेत त्या दोघांचा होता.

म्हणजे ती दुपार माझी नव्हतीच. ते तिच्याशी बोलत होते. आणि इतक्या वर्षांनी बाप माझ्याशी माझ्या भाषेत बोलतोय, या आनंदात मी त्यांच्या आजाराला 'बरे' म्हणून आले होते.

तेराव्यानंतर ती डॉक्टर घरी आली. ओट्यावर बसली, कॉफी घेतली, डबरा, खालची वाटी, हातात फिरवत राहिली. मी तिला सगळं सांगितलं: नारळ, गुरुजी, पुस्तक, आक्का.

"एक दिवस आधी कळलं असतं तर?" मी विचारलं.

"फरक पडला असता की नाही, मला सांगता येत नाही. खरंच येत नाही, अक्का. तेच शोधायला अभ्यास चाललाय." मग म्हणाली, "त्या संध्याकाळी मला शंका आली होती. मी पुन्हा विचारायला हवं होतं."

"मी दुसऱ्यांदाही तेच सांगितलं असतं."

"हो," ती म्हणाली. "सांगितलं असतं तुम्ही."

जाताना तिनं एक काम सांगितलं. आता तिच्या विभागात नातेवाइकांना वेगळ्या रीतीने विचारणार होते: पेशंट जे बोलेल ते शब्दाला शब्द सांगा, अर्थ आम्ही लावू. हे आमच्या घरच्या मराठीत कसं म्हणायचं, आणि तमिळ लिपीत कसं लिहायचं, एवढं तिला हवं होतं.

"माझ्यामुळे करताय?"

"तुमच्यामुळे असं नाही. सौराष्ट्री बोलणारे येतात, तेलुगू बोलणारे येतात. सगळेच आपल्या माणसाला नीटनेटकं करून आमच्यासमोर ठेवतात."

मी ते करून दिलं. चार ओळींचं काम होतं, त्याला बरेच दिवस लागले. शेवटची ओळ मी आजीच्या वळणाने लिहिली आणि तिला फोनवर वाचून दाखवली. तिला ती कळली नाही, पण तिनं पुन्हा म्हणायला सांगितलं.

माझं काम पूर्वीसारखं चालू आहे. फाटलेल्या जागी अक्षर भरायला आता मला वेळ लागतो. पुष्कळदा मी जागा तशीच सोडते आणि 'येथे कागद गेला आहे' असं लिहिते. काम देणाऱ्यांना ते आवडत नाही.

घरात तमिळही कमी झालं आहे, बोलायला कोणी नाही. अप्पांचा चष्मा रुग्णालयातून परत मिळाला, तो कपाटात आहे. त्या दोन दिवसांत ते जे बोलले ते मला जसंच्या तसं पाठ आहे, थांबले तिथे थांबून.